सुरुवात 1832 पासून करा

अमेरिकेतल्या राज्यांच्या हक्कांचा वाद, म्हणजे केंद्राचा कायदा राज्याला झुगारता येतो का हा वाद, समजून घ्यायचा असेल तर यादवी युद्धापासून मागे मागे वाचत जाऊ नका. तसं केलं की आधीची प्रत्येक घटना युद्धाची नांदीच वाटायला लागते. त्यापेक्षा एकच प्रकरण धरा: दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना राज्य आणि जकात.

1828 च्या कायद्यानं आयात मालावरची जकात चढली. उत्तरेतल्या कारखानदारांना संरक्षण मिळालं आणि कापूस विकून बाहेरचा माल घेणारे दक्षिणेतले मळेवाले भडकले. नोव्हेंबर 1832 मध्ये साउथ कॅरोलायनानं हा कायदा आणि त्याच वर्षीचा सुधारित कायदा, दोन्ही आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवले. डिसेंबरात अध्यक्ष जॅक्सन यांनी जाहीरनामा काढून ठणकावलं, की राज्याला असा अधिकारच नाही. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून सावकाश वाचा. संघ, म्हणजे अमेरिकेचं संघराज्य, हा राज्यांनी केलेला करार, की साऱ्या जनतेनं उभारलेलं सरकार? सगळी झटापट इथेच आहे. 1833 मध्ये तडजोड झाली, एवढं सध्या पुरे.

नवे वाचक हमखास चुकतात ते इथे:

- राज्यांचे हक्क म्हणजे दक्षिणच, असं धरून चालतात. पळालेल्या गुलामांना परत धाडण्याचा केंद्रीय कायदा उत्तरेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 1854 मध्ये घटनाबाह्य ठरवला, तेव्हा केंद्राची सत्ता दक्षिणेलाच हवी होती.
- जकातीच्या भांडणातून गुलामगिरी वगळतात. उपाध्यक्ष कॅल्हून यांनी स्वतःच 1830 च्या एका पत्रात लिहिलंय, की जकात हे निमित्त आहे, खरं कारण नव्हे; त्यांचा रोख दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या व्यवस्थेकडे होता.

कोर्टाचे निकाल आणि 1850 ची तडजोड नंतर बघू.