सहा शब्दांचे वाक्य आणि त्याच्या तुटलेल्या कडा

आपल्याला एका जुन्या, निनावी पानावर ‘दिवा विझल्यावर तिसरे दार उघडू नये’ एवढे एकच वाक्य सापडले, त्याच्या मागेपुढे काहीही नव्हते, तरीही ते दोन दिवस डोक्यातून गेले नाही. असे का होते आणि अशा तुकड्यांचा अर्थ लावण्यात काही तथ्य असते का, असे आपण विचारले आहे. तथ्य असते, मात्र तुकड्याचा अर्थ काय हे विचारण्याआधी तो तुटला कसा हे विचारावे लागते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

आधी आपले वाक्यच पाहू. ‘तिसरे’ म्हटले की आणखी दोन दारे न सांगताच उभी राहतात. ‘विझल्यावर’ म्हटले की दिवा आतापर्यंत तेवत होता, हे आपण गृहीत धरून मोकळे होतो. सर्वांत जास्त काम ‘नये’ करते. ‘उघडू नकोस’ असते, तर कोणीतरी कोणाला तरी बजावत आहे असे दिसले असते. ‘उघडू नये’ यात बोलणाराही दिसत नाही आणि ऐकणाराही, नुसता नियम उरतो, आणि नियम आहे त्या अर्थी पूर्वी कोणीतरी तो मोडला असणार, ही भर आपले मन स्वतःच घालते. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात असेच काहीसे नोंदवले आहे: अनोळखी लोककथा वाचून ती पुन्हा सांगताना वाचकांनी न कळलेले भाग गाळले किंवा ओळखीच्या गोष्टींत बदलून टाकले, आणि हे त्यांनी जाणूनबुजून केले नव्हते.

मी स्वतः यात पुरता अडकलो होतो. एका पानाच्या तळाशी मला चिन्हांची एक ओळ दिसली. तिच्यात येनचे चिन्ह दोनदा, सेंटचे एकदा आणि युरोचे एकदा होते, पुढे पाऊण हा अपूर्णांक होता, आणि उच्चारचिन्ह असलेले एकच रोमन अक्षर ठरावीक अंतराने परत परत येत होते. तीन चलने, एक हिस्सा आणि एक खूण! एका संध्याकाळीत मी पैशांच्या गुप्त वाटणीची सबंध कथा रचली, आणि ती मला खरोखर पटली होती. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. यूटीएफ-८ या, संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, म्हणजे तीन छोट्या अंकी तुकड्यांचे, असते आणि त्यांतील पहिला बाइट नेहमी तोच असतो. तो मजकूर विंडोज-१२५२ या, प्रत्येक बाइटाला एक स्वतंत्र चिन्ह मानणाऱ्या संकेतप्रणालीने वाचला गेल्यामुळे उकार आणि वेलांटी येनच्या रूपात उमटली होती, ‘ढ’मधून सेंट निघाला होता, वेलांटीतूनच युरो, आणि पाऊण हा नुसता काना होता. मूळ शब्द होते ‘पुढील पान’. मला दिसलेली पुनरावृत्ती खरी होती, हे मला आजही महत्त्वाचे वाटते; चुकली ती तिच्यामागची कोणीतरी व्यक्ती, जी मी कल्पिली होती.

अशी व्यक्ती असणे-नसणे यावर किती अवलंबून असते, हे ट्विटरवरील ‘हॉर्स ईबुक्स’ या खात्यावरून कळते. जाहिराती पसरवणारा एक प्रोग्राम पुस्तकांतील वाक्ये मध्येच तोडून तिथे प्रसिद्ध करतो आणि त्यातून नकळत कविता घडते, असे समजून लोक त्या तुकड्यांवर प्रेम करत होते. २०११ पासून एक कलाकार ते तुकडे स्वतः हाताने टाकत होता, हे सप्टेंबर २०१३ मध्ये उघड झाले आणि अनेक वाचकांना फसवले गेल्यासारखे वाटले. वाक्यांतील एक शब्दही बदलला नव्हता. याउलट १९९६ मध्ये यूजनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चाजाळ्यावर ‘मार्कोव्हियन पॅरॅलॅक्स डेनिग्रेट’ या शीर्षकाचे असंबद्ध शब्दांचे शेकडो संदेश आले. तिथे लेखक न सापडल्यामुळे हेरगिरीपर्यंतचे तर्क चालूच राहिले.

म्हणून आपल्या वाक्याबाबत पुढील काम करावे असे मी सुचवेन. ते वाक्य अवतरणचिन्हांत घालून जसेच्या तसे शोधावे. वेबॅक मशीन या, संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात त्या पानाच्या जुन्या प्रती उपलब्ध असतील, तर आजूबाजूच्या ओळी केव्हा गळाल्या हे पाहावे. ते भाषांतर असण्याची शक्यताही तपासावी, कारण ‘दिवा’ हा एखाद्या यंत्रावरचा सूचकदिवा असू शकतो आणि तीन कप्प्यांच्या त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत, आतले तापमान टिकावे म्हणून, हे वाक्य अगदी सहज बसते. तसे निघाले, तरी आपण दोन दिवसांत रचलेली कथा टाकून देऊ नये. ती लिहून काढावी आणि तिच्याखाली, ही आपण रचलेली आहे, एवढे स्पष्ट नोंदवावे. नाहीतर पुढच्या वाचकाला तीही त्याच पानाचा एक भाग वाटेल.