लुसी दोन पायांवर चालायची हे कशावरून?

प्रश्न: लुसीचा, म्हणजे माणसाच्या पूर्वजांपैकी मानल्या जाणाऱ्या त्या प्राचीन मादीचा, सापळा अर्धाही मिळालेला नाही, मग ती दोन पायांवर चालायची हे एवढं ठामपणे कसं सांगतात?

उत्तर: प्रश्न एकदम रास्त आहे. लुसी १९७४ साली इथिओपियात हदारला सापडली, साधारण ३२ लाख वर्षं जुनी, सापळा जेमतेम ४० टक्के, पण नेमकी कामाची हाडं मिळाली बघा. आपलं मांडीचं हाड खुब्याकडून गुडघ्याकडे येताना आत झुकतं, त्यामुळे एका पायावर भार आला तरी तोल जात नाही, चिंपांझीचं तसं नसतं म्हणून तो दोन पायांवर चालला की डुलतो. लुसीचं हाड आपल्यासारखं झुकलेलंय! कमरेचं हाडही आखूड नि रुंद. मला तर गुडघाच सगळ्यात भारी पुरावा वाटतो. तिच्या जातीचा मेंदू मात्र चिंपांझीपेक्षा फार मोठा नव्हता, म्हणजे चालणं आधी आलं, मोठा मेंदू खूप नंतर.

कॉलेजच्या लॅबमध्ये माणूस आणि चिंपांझी दोघांच्या मांडीच्या हाडांचे कास्ट (साच्यातून काढलेल्या हुबेहूब प्रती) असतील तर गुडघ्याकडची बाजू टेबलावर सपाट टेकवून दोन्ही उभी धरा, माणसाचं तिरकं उभं राहतं, चिंपांझीचं जवळपास सरळ.