सही ऑपरेशनसाठी होती, कंपनीसाठी नव्हती

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खासगी रुग्णालयात स्तनातली गाठ काढली. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून ब्लॉक (गाठीचा मेणात जतन केलेला तुकडा) मागायला गेलात, तेव्हा पॅथॉलॉजीच्या खिडकीवर कळलं की उरलेली गाठ बायोबँकेत, म्हणजे संशोधनासाठी नमुने साठवणाऱ्या केंद्रात, ठेवली आहे आणि तिचा काही भाग औषध कंपनीला गेला आहे. ‘तुमची सही आहे,’ एवढंच उत्तर मिळालं. पैशात वाटा मागता येईल का, असं विचारता.

आधी ब्लॉक आणि स्लाइड ताब्यात घ्या. तो मेणाचा ठोकळा तुमच्या उपचाराला लागणार आहे, संशोधनाचं नंतर बघू. सोबत सगळ्या कागदपत्रांसाठी लेखी अर्ज द्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ती 72 तासांत मिळायला हवीत.

संमतीपत्राचा तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. चार पानं इंग्रजी, बायोबँकेची ओळ तिसऱ्या पानाच्या तळाशी, आणि सही ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, सलाईन लावल्यावर. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही. याला मी संमती मानत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं, की तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराला चालत नाही. मग उपचाराची संमती व्यापाराला कशी चालेल? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नमुना दात्याचा, बायोबँक फक्त राखणदार, आणि दिलेली संमती मागे घेता येते. ही तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे, पण 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनी एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीला, ती पाळायला लावली आहेत. म्हणून पत्र कमिटीच्या सदस्य-सचिवांना लिहा: नमुना कोणत्या प्रकल्पाला दिला, मंजुरी कधी झाली, कंपनीशी करार काय? उशीर करू नका. नमुन्यावरची ओळख कायमची पुसली गेली, की तो शोधून परत मागणं अशक्य होतं.

वाट्याचं मात्र अवघड आहे. कॅलिफोर्नियात जॉन मूर यांच्या प्लीहेतल्या पेशींवरून असाच वाद झाला. 1990 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पेशींवरचा मालकीहक्क नाकारला, पण डॉक्टरांनी आपला आर्थिक हितसंबंध आधी सांगायला हवा होता, असंही म्हटलं. आपल्याकडची तत्त्वं लाभात वाटा द्यावा म्हणतात, रक्कम ठरवत नाहीत. त्यामुळे वाट्याचा दावा आज मी लावणार नाही. सदोष संमतीबद्दल ग्राहक आयोगात जाता येईल, मुदत दोन वर्षांची.

तुम्ही लिहिलंय, ‘विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.’ हे वाक्य कमिटीच्या पत्रात जसंच्या तसं घाला आणि पत्राची सही-शिक्क्याची पोच घ्या.