कपाटाची किल्ली कुणाकडे? वाचनाबद्दलचे तुमचे प्रश्न

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की पत्रं वाढतात, आणि प्रश्न दरवर्षी तेच. म्हणून एकत्रच उत्तरं देते.

मुलगी चौथीत आहे. नुसते विनोद आणि भुताच्या गोष्टी वाचते. चरित्रं कधी वाचणार?

वाटेल तेव्हा वाचेल. तोवर भुतांना हात लावू नका. रात्री दचकून उठत असेल तर मात्र तिच्याशी आणि वर्गशिक्षिकेशी बोला.

मुलगा वाचनालयातून तेच पुस्तक पुन्हा पुन्हा आणतो.

आणू दे.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पुस्तकं फाटली तर हिशेब कोण देणार, म्हणून मुख्याध्यापक कपाट बंद ठेवतात. शनिवारी हजेरीच्या क्रमाने एकेक वाटतो. मुलं न उघडताच परत आणतात.

आणणारच! अकराव्या नंबरच्या मुलाला ढिगातलं अकरावं पुस्तक, यात त्याची आवड आली कुठे? ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच म्हणतो की पुस्तकं वापरासाठी असतात, आणि दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. आपण अजून नोंदवहीच जपतोय. कपाटांत मी काय पाहते? सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर, पाठीवर फक्त दाखल क्रमांक. वाघ कुठला नि विमान कुठलं, पोराला कळायचं कसं? आधी ती कव्हरं काढा. व्हरांड्यात दोरी बांधून चिमट्यांनी पुस्तकं लटकवा, चित्र समोर येईल अशी. मुलांना चाळू द्या, दोन पानं वाचून नको वाटलं तर बदलू द्या. देवघेवीची वही पाचवीच्या मुलींकडे सोपवा, चोख ठेवतात. आणि परत आल्यावर 'तात्पर्य लिहून आण' अजिबात नको; त्या धाकानेच मुलं पातळ पुस्तक उचलतात. फाटलेल्याला चिकटपट्टी लावा. पार जीर्ण झालेली रीतसर निर्लेखित करता येतात, म्हणजे नोंदीतून कमी करता येतात. मुख्याध्यापकांना घेऊन केंद्रप्रमुखांना कार्यपद्धती विचारा. पण या महिन्यात. 'दिवाळीनंतर बघू' हे उत्तर मी फार ऐकलंय.

शाळेत आलेला विक्रेता 'स्मरणशक्ती वाढवणारा' संच हप्त्याने देतोय. घ्यावा का?

नको. पुस्तकाने स्मरणशक्ती वाढल्याचा दाखला मागा, विक्रेता विषय बदलेल. या संचांत दोन पुस्तकं बरी आणि बाकी भरताड असते, शिवाय निवड विक्रेत्याची. तेवढ्या पैशांत मुलाला दुकानात न्या आणि स्वतः गप्प उभे राहा. पैसे नसतील तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. वयाला काय झेपेल हे ग्रंथपालांना विचारा.

मुलगा सातवीत. हवं ते पुस्तक घे म्हटलं तरी घेत नाही. मोठ्याने वाचताना ओळी गाळतो, जोडाक्षरांशी अडतो. आत्या म्हणते, मोठा झाला की जमेल.

सातवीत आलाय, अजून किती मोठा व्हायचा? आधी डोळे तपासा. नंबर नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन अडण्याची, तपासणी कुठे होते ते विचारून घ्या. पत्रावरून मी निदान करणार नाही, आत्यांनीही करू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेतल्या सवलतींबद्दल शाळेत चौकशी करा. तोवर त्याच्या आवडीचं पुस्तक तुम्ही वाचून दाखवा. निवड त्याचीच.