बेसबॉलमध्ये कोणाला मानावे, संघ कोणता धरावा आणि नव्या नियमांनी खेळ बिघडला का?

आपण पुण्याहून बॉस्टनला शिकायला येत आहात, आजवर क्रिकेटखेरीज काही पाहिलेले नाही, आणि बेसबॉलमध्ये कोणाला मानावे, कोणता संघ धरावा व नव्या नियमांनी हा खेळ खरोखर बिघडला आहे का, असे आपण विचारले आहे. मी १९८५ च्या सप्टेंबरात असाच शिकायला इथे आलो आणि पहिले वर्ष सोडले तर एकही हंगाम चुकवलेला नाही. मी रेड सॉक्सचा, म्हणजे बॉस्टनच्या संघाचा, आहे, तेव्हा उत्तर निःपक्षपाती असणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्या वर्षी मला हा खेळ अत्यंत कंटाळवाणा वाटला होता. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चेंडू हातात घोळवत उभा राहतो, कॅचर, म्हणजे इथला यष्टिरक्षक, मांड्यांच्या आडोशाने बोटांनी खुणा करतो, पिचर मान हलवून नकार देतो, बॅटर मागे सरून हातमोज्यांचे पट्टे आवळतो, आणि एवढे सोपस्कार झाल्यावर जो चेंडू येतो तो बॅटर सोडून देतो. २९ एप्रिल १९८६ रोजी प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याने फेनवे पार्कचे, म्हणजे रेड सॉक्सच्या मैदानाचे, जादा तिकीट मला देऊ केले आणि मी अभ्यासाचे निमित्त सांगून ते परत केले. त्या रात्री आमच्या रॉजर क्लेमेन्सने सिअ‍ॅटल मरिनर्सचे २० बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकवर बाद केले, आणि एकालाही वॉक दिला नाही, म्हणजे चार वाईट चेंडूंपायी धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, पहिला बेस, फुकट दिला नाही. नऊ इनिंगच्या सामन्यात २० चा आकडा त्याआधी कोणीही गाठलेला नव्हता. प्रेक्षक होते अवघे १३,४१४. त्या रात्री आपण मैदानात होतो असे सांगणारी माणसे मला आजवर इतकी भेटली आहेत की तो आकडा खोटा वाटू लागतो.

मी या खेळात खऱ्या अर्थाने अडकलो तो त्याच वर्षीच्या २५ ऑक्टोबरला. सॉमरव्हिलमधील आमचे घरमालक साठी ओलांडलेले गृहस्थ होते, आणि रेड सॉक्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरची अजिंक्यपदाची मालिका, शेवटची जिंकली होती ती १९१८ मध्ये, म्हणजे त्यांच्या जन्माच्याही आधी. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध, आधी चार सामने जिंकेल त्याच्या या मालिकेत, आम्ही ३-२ असे पुढे होतो, सहाव्या सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये ५-३ अशी आघाडी होती, मेट्सचे दोन गडी बाद झाले होते आणि बेसवर कोणीही नव्हते. घरमालकांनी भावाला कळवण्यासाठी फोन मांडीवर घेतला, सहा आकडे फिरवले आणि सातव्या आकड्याच्या भोकात बोट घालून ते तिसऱ्या बळीची वाट पाहत बसले. गॅरी कार्टरने हिट मारला, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठला. केव्हिन मिचेलने मारला. रे नाइट दोन स्ट्राइकवर होता, म्हणजे अजिंक्यपद एका चेंडूवर आले होते, आणि त्यानेही मारला. पिचर बदलला. बॉब स्टॅन्लीचा एक चेंडू कॅचरला चुकवून मागे गेला, त्यावर मिचेल घरी, म्हणजे धाव पुरी होते त्या शेवटच्या बेसवर, पोहोचला आणि बरोबरी झाली. मग मूकी विल्सनने सरपटत मारलेला चेंडू पहिल्या बेसजवळ बिल बकनरच्या दोन पायांमधून निघून गेला आणि नाइटने विजयाची धाव काढली. घरमालकांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि ते अवाक्षरही न बोलता झोपायला गेले. दोन दिवसांनी सातवा सामनाही आम्ही हरलो.

बकनर पुढे जन्मभर त्या एका चेंडूचा धनी झाला. हा माणूस १९८० चा नॅशनल लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एकीचा, सर्वोत्तम सरासरीचा बॅटर होता, कारकिर्दीत त्याचे २,७१५ हिट आहेत, त्या हंगामात तो दुखऱ्या घोट्यांवर खेळत होता, आणि आघाडी असताना शेवटच्या इनिंगमध्ये त्याच्या जागी डेव्ह स्टेपल्टनला उभे करण्याचा मॅनेजरचा परिपाठ त्याच रात्री मोडला होता. याहून मोठी गोष्ट अशी की चेंडू त्याच्या पायांतून गेला तेव्हा बरोबरी होऊन चुकली होती. त्याने तो अडवला असता तरी फार तर अकरावी इनिंग झाली असती. विल्सनने त्या पाळीत दहा चेंडू खेळून काढले. दहावा सगळ्यांना आठवतो आणि बरोबरी करून देणारा सातवा कोणालाच आठवत नाही. बेसबॉलविषयी माझे जे काही मत आहे ते या सातव्या चेंडूपासून सुरू होते. जो चेंडू टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवतात त्याच्या आधीचे चेंडू पाहायला मी त्यानंतर शिकलो, आणि सोपस्कारांचा कंटाळा आपोआप गेला. ८ एप्रिल २००८ रोजी बकनर फेनवेवर पहिला मानाचा चेंडू टाकायला आला तेव्हा सगळे मैदान उभे राहिले आणि तो डोळे पुसत राहिला. मीही उभा होतो, पण बावीस वर्षे उशीर झाला होता.

आता खेळाडूंविषयी. मी ज्यांना खेळताना पाहिलेले नाही त्यांच्यात मी रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सला सर्वांत वर ठेवतो. बेसबॉलची सरासरी म्हणजे हिट भागिले प्रयत्न. ०.३००, म्हणजे दहा प्रयत्नांत तीन हिट, असेल तर माणूस उत्तम समजला जातो. १९४१ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी विल्यम्सचे ४४८ प्रयत्नांत १७९ हिट होते. भागाकार केला तर ०.३९९५५ येतात, म्हणजे नियमाप्रमाणे ०.४००. मॅनेजरने त्याला हवे तर बाहेर बसण्याची मुभा दिली. तो फिलाडेल्फियात त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठ प्रयत्नांत सहा हिट मारले आणि ०.४०६ वर थांबला. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या संपूर्ण हंगामात ०.४०० कोणीही गाठलेले नाही. ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भाऊसाहेब निंबाळकर आठवले. १९४८ मध्ये आपल्याच पुण्यात ते काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते, ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम दहा धावांवर होता, आणि समोरच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. एकाला बसण्याची मुभा होती आणि तो खेळला. दुसऱ्याला खेळायचे होते आणि खेळायलाच कोणी उरले नाही.

विल्यम्सचा मोठेपणा मात्र मला ०.४०६ पेक्षा दुसऱ्या आकड्यात दिसतो. हिट, वॉक वगैरे सर्व मार्गांनी बेसवर पोहोचण्याचे त्याचे कारकिर्दीतील प्रमाण ०.४८२ आहे, आणि ते आजही सर्वाधिक आहे. वाईट चेंडूला बॅट न लावणे हे त्याचे खरे कसब होते. आपल्याकडे ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्या सलामीवीराचे जे कौतुक जाणकार करतात, तेच हे. फरक इतकाच की येथे चार वाईट चेंडू सोडणाऱ्याला पहिला बेस बक्षीस मिळतो.

मी स्वतः पाहिलेल्यांमध्ये आमचा पिचर पेड्रो मार्टिनेझ याच्या जवळपास कोणीही येत नाही. २००० साली अमेरिकन लीगमध्ये पिचर नऊ इनिंगमागे सरासरी जवळजवळ पाच धावा देत होते, पेड्रोने १.७४ दिल्या, आणि त्याच्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर क्लेमेन्स होता तो ३.७० वर. होमरनची, म्हणजे षटकारासारख्या फटक्यांची, लयलूट चाललेला आणि औषधे टोचून घेतलेल्या दंडांचा तो काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे हे अंतर किती अचाट आहे ते कळते. पेड्रो दिसायला किरकोळ होता. त्याचा चेंज-अप नावाचा चेंडू ज्या वेगाने हात फिरतो त्यापेक्षा बराच हळू येतो. बॅटरची बॅट फिरून जाते आणि चेंडू मागाहून, पाहुण्यासारखा सावकाश पोहोचतो. मी तिसऱ्या बेसच्या बाजूला बसून पाहत असे, आणि तो चेंज-अप केव्हा टाकणार हे ओळखण्याची आम्हा चौघांत पैज लागे. दोन वेगवान चेंडू अंगाजवळ आले की आम्ही बोट वर करायचो. बॅटरलाही ते ठाऊक असेच, तरी तो चुके.

त्याच औषधांच्या काळातल्या बॅरी बॉन्ड्सविषयी विचाराल तर त्याच्या ७६२ होमरनना मी नाके मुरडत नाही आणि टाळ्याही वाजवत नाही. शोहेइ ओतानीविषयी लिहिणे आता अवघड आहे, कारण विशेषणे संपली आहेत. २०२४ मध्ये ५४ होमरन आणि ५९ स्टील (पिचरच्या देखत पळून चोरलेले बेस), २०२५ च्या १७ ऑक्टोबरला एकाच सामन्यात पिचर म्हणून दहा स्ट्राइकआउट आणि बॅटर म्हणून तीन होमरन. आपण त्याच्या काळात येत आहात, एवढाच हेवा वाटतो.

त्याच तारखेचा, २००४ चा, सामना मात्र माझ्या मनात त्याच्याही वर आहे. वर्ल्ड सिरीजआधीच्या मालिकेत न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध आम्ही ०-३ असे मागे होतो, आदल्या रात्री १९-८ असे झोडपले गेलो होतो, चौथ्या सामन्यात नववी इनिंग आली तेव्हा ४-३ ने पिछाडीवर होतो आणि समोर त्यांचा शेवटच्या इनिंगचा पिचर मारियानो रिव्हेरा होता. त्याने केव्हिन मिलारला वॉक दिला. मिलारच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला, आणि तो दुसऱ्या बेसकडे पळणार हे मैदानातल्या पॉपकॉर्न विकणाऱ्यालाही माहीत होते. क्रिकेटमध्ये आपण जिला चोरटी धाव म्हणतो तिच्यात चोरी नावापुरती असते. इथे मालक जागा आहे, दिवा लावून बसला आहे आणि तरी त्याच्या देखत चोरायचे आहे. रिव्हेराने बॅटरला एकही चेंडू न टाकता लागोपाठ तीनदा पहिल्या बेसकडे फेक केली. तिन्ही वेळा रॉबर्ट्स कसाबसा परतला. मग पहिल्याच चेंडूवर तो पळाला, आणि दुसऱ्या बेसवर उभ्या यांकीजच्या जीटरच्या हातमोज्याच्या वीतभर आधी पोहोचला. बिल म्युलरच्या हिटवर तो घरी आला, बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारून सामना जिंकला, आम्ही त्यापुढचे सगळे सामने जिंकले आणि ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज घरी आली. ऑर्टिझ हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि ते योग्यच झाले. पण माझ्या मते ती मालिका रॉबर्ट्सने जिंकून दिली. तोच आज ओतानीच्या संघाचा, लॉस एंजेलिस डॉजर्सचा, मॅनेजर आहे.

नव्या नियमांविषयी माझे मत या प्रसंगावरून कळेल. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावले आहे. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. सामन्याची सरासरी लांबी एका वर्षात ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली. मी याच्या कडाडून विरोधात होतो आणि पहिल्याच महिन्यात माझा विरोध गळून पडला, कारण जी मिनिटे कापली गेली त्यांत डावपेच फारसे नव्हते, हातमोज्यांचे पट्टेच जास्त होते. बेस १५ इंचांचे १८ इंच झाले, स्टील वाढले, तेही चांगलेच झाले. मात्र एका बॅटरच्या पाळीत बेसकडे दोनच मोफत फेकी, आणि तिसऱ्या फेकीत धावपटू बाद झाला नाही तर त्याला पुढचा बेस आयता, हा नियम मला मान्य नाही. या नियमाखाली रॉबर्ट्सला त्या रात्री तिसऱ्या फेकीनंतर दुसरा बेस चालत जाऊन मिळाला असता. निकाल तोच लागला असता, आणि पाहण्यासारखे काहीच उरले नसते. जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकटचा धावपटू उभा करतात त्याविषयी तर मी घरात बोलत नाही. बायको चहा घेऊन दुसऱ्या खोलीत जाते.

राहिला संघाचा प्रश्न. बॉस्टनमध्ये राहणार असाल तर रेड सॉक्सच धरा, पण डोळे उघडे ठेवून धरा. १९४५ च्या एप्रिलमध्ये, पुढे मेजर लीगची वर्णबंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनला याच फेनवेवर चाचणीसाठी बोलावून परत पाठवले गेले, आणि सर्व मेजर लीग संघांत कृष्णवर्णीय खेळाडू सर्वांत शेवटी घेणारा संघ आमचाच. पम्प्सी ग्रीन आला तो १९५९ मध्ये. ८६ वर्षांच्या दुष्काळाचे खापर थोर बॅटर बेब रूथला यांकीजना विकल्याच्या शापावर फोडणारे लोक विली मेज आणि रॉबिन्सन यांच्यासारखे कृष्णवर्णीय खेळाडू आपल्याकडे का नव्हते, हे विचारत नाहीत. अलीकडचे म्हणाल तर २०२० मध्ये मूकी बेट्ससारखा सर्वांगसुंदर खेळाडू पगाराच्या हिशेबापायी डॉजर्सला देऊन टाकला. तो तिथे तीन वर्ल्ड सिरीज जिंकला आहे. मी त्या हंगामात तिकिटे काढणार नाही असे ठरवले होते. महामारीमुळे कोणालाच आत सोडले नाही, त्यामुळे माझ्या निषेधाची नोंद कुठेही झाली नाही.

पहिल्यांदा याल तेव्हा एक काळजी घ्या. फेनवे १९१२ चे मैदान आहे आणि छपराखालच्या भागात जुने लोखंडी खांब उभे आहेत. तिकिटावर दृश्य अडते असे छापलेले असेल तर ते स्वस्त असले तरी घेऊ नका, कारण नेमका पिचर खांबाआड जातो आणि बॅटर तेवढा दिसत राहतो. तिसऱ्या बेसच्या बाजूची जागा पाहा. आत शिरताना स्कोअरकार्ड आणि पेन्सिल विकत घ्या. स्ट्राइकआउटला के लिहितात, आणि बॅटरने शेवटचा चेंडू नुसता बघत सोडला असेल तर तोच के उलटा काढतात. पहिल्या दिवशी आपले निम्मे के चुकतील. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा. तो आनंदाने सांगेल, आणि बहुधा त्याच्या आधीच्या चार चेंडूंचेही सांगेल.