आधी पोच घ्या, मग गाड्या काढा

तुमच्या मोटारसायकल रॅलीच्या पोस्टमधलं एकच वाक्य मी तीनदा वाचलं. "अर्ज देऊन आलोय, तोंडी हो म्हणालेत, काही अडचण नाही." वाचून पोटात गोळाच आला. 2022 साली मी आमच्या मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपवर जवळपास हेच शब्द टाकले होते. म्हणून कामावरून आल्या आल्या लिहायला बसलोय. उत्तर लांबणार आहे, पण रविवारच्या आधी पूर्ण वाचा.

तुमचा बेत मला असा कळला: रविवारी सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर जमायचं, दीड-दोनशे गाड्या घेऊन पेठ रोडच्या आरटीओपर्यंत जायचं, जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाची फी, गाड्यांवरचे कर, नवीन नंबरप्लेट, विमा, पेट्रोल, होऊ घातलेला टोल या सगळ्याचा निषेध करायचा आणि निवेदन द्यायचं. हेल्मेट, लायसन्स, पीयूसी, ट्रिपल सीट नको, हे मी सांगत बसत नाही. गाडी चालवणाऱ्याला ते कळतं.

एक आधीच स्पष्ट करतो. मी वकील नाही, अंबडला कारखान्यात कामाला आहे. कलमांबद्दल जे लिहितोय ते स्वतःच्या केसमुळे शिकलोय. तुमच्या ओळखीच्या वकिलाला एकदा दाखवून घ्याच.

आमचं असं झालं. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या मोटारसायकलच्या नूतनीकरणाची फी 300 वरून 1000 झाली. वर मुदत टळली तर महिन्याला 300 रुपये विलंब शुल्क. माझ्याकडे वडिलांची 1989 ची सीडी 100 आहे. ग्रुपमध्ये तशाच जुन्या गाड्यावाले बरेच. मे महिन्यात रॅली काढायचं ठरलं. परवानगीचा अर्ज मीच लिहिला, मीच टाईप करून घेतला आणि दोन प्रती घेऊन पोलिसांच्या एका कार्यालयात गेलो. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, लिहून आता काही मिळणार नाही.

आवक खिडकीवर एक वयस्कर कारकून होते. बोलायला चांगले, चहाही विचारला. समोर जाड आवक रजिस्टर, शेजारी शिक्का आणि जांभळ्या शाईचं पॅड. त्यांनी पॅडवर शिक्का दोनदा दाबला, रद्दी कागदावर उठवून पाहिला, तर नुसती फिकट कडा उमटली. म्हणाले, "पॅड वाळलंय, नवीन मागवलंय. दोन्ही प्रती ठेवून जा, साहेबांची सही झाली की एक घेऊन जा." आत साहेबांना भेटलो. ते म्हणाले, "शांततेत करा, आमची काही हरकत नाही." मी दोन्ही प्रती ठेवल्या, हात जोडले आणि बाहेर आलो. खिशात काहीच नाही. आवक क्रमांक नाही, शिक्का नाही, साधा मोबाईलवर फोटोसुद्धा नाही. नंतर दोन वेळा फेरी मारली. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा मीटिंगला. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही. त्या तिसऱ्या फेरीला मी कंटाळलो, आणि ती चूक आम्हाला सगळ्यात महागात पडली.

रॅलीच्या दिवशी 143 गाड्या आल्या. त्र्यंबक नाका, सीबीएस, मेहेर सिग्नल, काही त्रास नाही. अशोक स्तंभाला अडवलं. पुढे रविवार कारंजापर्यंतचा रस्ता अरुंद, मागे गाड्यांची रांग, भाजीच्या हातगाड्या, एक रिक्षावाला ओरडतोय की गाडीत पेशंट आहे. अधिकारी नीट बोलत होते. परवानगी दाखवा. म्हटलं, अर्ज दिलाय. मग पोच दाखवा. मी साहेबांचं नाव सांगितलं, फोन लावला, फोन उचलला नाही. शहरात त्या पंधरवड्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचा, विनापरवानगी जमाव आणि मिरवणुकीला मनाई करणारा आदेश लागू होता. नाशिक शहरात तो वरचेवर निघतो, वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी असते आणि आपण ती कधी वाचत नाही. त्या दिवशी सहा जणांवर गुन्हा दाखल झाला. त्याच अधिनियमाचं कलम 135 आणि तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं 188, दोन्ही आदेश मोडल्याची कलमं. आता नव्या भारतीय न्याय संहितेत 188 च्या जागी 223 आहे. नंबर बदलला, त्रास तोच.

सहापैकी पाच आम्ही आयोजक. सहावा सिडकोतला 23 वर्षांचा पोरगा, आयटीआय झालेला. त्याचा गुन्हा एवढाच की नावनोंदणीसाठी पोस्टरवर मी त्याचा मोबाईल नंबर टाकला होता. पोस्टर मीच बनवलं होतं. पुढच्या चार महिन्यांत त्याला आखातातल्या एका कंपनीत वेल्डरची नोकरी लागली, पासपोर्टला अर्ज केला आणि पोलीस पडताळणीत प्रलंबित गुन्हा दिसला. न्यायालयाची परवानगी आणा म्हणाले. ती मिळेपर्यंत कंपनीने दुसरा माणूस घेतला. त्याची आई माझ्याशी वर्षभर बोलली नाही आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. केस निकाली निघायला अडीच वर्षं लागली. प्रत्येक तारखेला अर्धा दिवस खाडा.

अर्ज दिल्याचा पुरावा मिळावा म्हणून मी माहिती अधिकारात त्या दिवसाच्या आवक नोंदी मागितल्या. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, बरोबर तिसाव्या दिवशी उत्तर आलं. "सदर अर्जाची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही." ज्या खिडकीवर मला चहा विचारला, त्याच खिडकीचं उत्तर. मी अपील केलं, त्यातूनही काही निघालं नाही. त्या कारकुनांवर माझा राग नाही, ते निवृत्त झाले. पण तोंडी "हो" म्हणून माणसं पुढे पाठवायची आणि अडचण आली की कागद दाखवा म्हणायचं, या पद्धतीवर माझा आजही राग आहे.

नुसती पोच म्हणजे परवानगी नव्हे, हे मला माहीत आहे. पण पोच असती तर आम्ही लपून काही केलं नाही हे तिथल्या तिथे दाखवता आलं असतं. त्याहून महत्त्वाचं, अर्ज नोंदवला गेला असता तर त्याचं लेखी उत्तर द्यावं लागलं असतं. नकार आला असता तरी चाललं असतं, आम्ही तारीख बदलली असती. नकार कागदावर मिळणं हे तोंडी होकारापेक्षा शंभर पटीने बरं, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा उद्याच परत जा. दोन नव्हे, चार प्रती न्या. पोलीस ठाणं, शहर वाहतूक शाखा, विशेष शाखा, तिन्हीकडे एकेक आणि प्रत्येकाची पोच तुमच्या चौथ्या प्रतीवर. त्यावर आवक क्रमांक आणि तारीख हवीच. शिक्का नाही म्हणाले तर सही, नाव, हुद्दा लिहून घ्या. अजिबातच घेत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. माझ्या टँक बॅगमध्ये तेव्हापासून एक शाईचं पॅड कायम असतं. लोकांना विचित्र वाटतं, पण दोनदा उपयोगी पडलंय. अर्जात रस्ता चौकाचौकाने लिहा, किती गाड्या, किती वाजता सुरू, किती वाजता संपणार तेही. शहराबाहेर जाणार असाल तर ग्रामीण पोलिसांकडे वेगळा अर्ज लागतो. आयुक्तालयाची हद्द संपली की तो कागद तिथे चालत नाही. आणि पोस्टरवर फक्त आयोजकांचेच नंबर, तेही त्यांना विचारून. नोकरी शोधणाऱ्या पोरांना पुढे करू नका. हात जोडून सांगतो.

आता रविवारबद्दल. निवेदन घेणार कोण? राज्य सरकारी कार्यालयांचा 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवारीही कुणी नसतं. आरटीओच्या बंद गेटसमोर फोटो काढून परत याल. रॅली रविवारी ठेवा, गर्दी कमी असते आणि कामगारांना सुट्टी असते. पण निवेदन घेऊन सोमवारी पाचच जण जिल्हाधिकारी कार्यालयात जा. 

आरटीओला का नेताय, हेही मला पटलं नाही. तिथला अधिकारी एक रुपया कमी करू शकत नाही. नूतनीकरणाची फी केंद्रीय मोटार वाहन नियमांतून येते, म्हणजे दिल्लीतलं रस्ते वाहतूक मंत्रालय. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारसायकलची फी 2000 झाली ती तिथूनच. पर्यावरण कर आणि नवीन गाडीवरचा एकरकमी कर राज्याचा. नव्या नंबरप्लेटचे दुचाकीला 450 अधिक जीएसटी, म्हणजे 531 रुपये, हा राज्याने ठेकेदारांशी ठरवलेला दर. 350 सीसीवरच्या गाड्यांवर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, तो जीएसटी परिषदेचा. 350 पर्यंतच्यांचा तर त्याच वेळी 28 वरून 18 वर आला, म्हणजे तुमच्यातल्या निम्म्या लोकांची तक्रारच नाही. आणि टोलचा मुद्दा काढून टाका. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. जून 2025 मध्ये ती अफवा फिरली आणि मंत्र्यांनी स्वतः खोडून काढली. एक चुकीचा मुद्दा निवेदनात गेला की बाकीचे सगळे हलके होतात.

माझं मत विचाराल तर एकच मागणी ठेवा, जुन्या गाडीच्या नूतनीकरणाची फी आणि त्यावरचं विलंब शुल्क. आमच्या कारखान्यातले एक वॉचमन सिन्नरकडून येतात, 2004 ची स्प्लेंडर. नूतनीकरणाची मुदत टळून दीड वर्ष झालेलं. नियमाप्रमाणे फी 2000 आणि 18 महिन्यांचं विलंब शुल्क 5400, पर्यावरण कर वेगळा. गाडी विकायला काढली तर पंधरा हजार येतील की नाही, शंका आहे. ही गाडी काही हौसेची नाही. शेवटची एसटी निघून गेली की रात्रपाळीला पोचायचं तेच एक साधन. असा एक माणूस, त्याचं आरसी बुक आणि त्याचा हिशेब एका पानावर मांडा, त्याची संमती घेऊन. "जनतेची लूट थांबवा" असल्या मोघम ओळींपेक्षा हे पान वाचलं जाईल.

2009 च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडमध्ये हजारो मोटारसायकलवाले वेलिंग्टनला संसदेसमोर गेले होते. त्यांचा मुद्दा एकच, अपघात भरपाई योजनेसाठी मोटारसायकलवर वाढवलेली आकारणी. वाढ रद्द नाही झाली, पण आधी सांगितलेला आकडा सरकारने खाली आणला. नेमकं काय हवंय ते सांगितल्यावर निदान घासाघीस तरी होते.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. हे दर रातोरात येत नाहीत. आधी राजपत्रात मसुदा निघतो आणि हरकती-सूचना मागवतात. 2025 च्या वाढीचा मसुदा फेब्रुवारीत आला, अंतिम अधिसूचना ऑगस्टमध्ये. मधल्या काळात आपल्यापैकी किती जणांनी हरकत पाठवली? मी नाही पाठवली. केस होऊन गेलेली असूनही मी झोपून होतो. पुढचा मसुदा येईल तेव्हा दोनशे गाड्यांऐवजी दोनशे सह्यांच्या हरकती वेळेत पाठवू, आणि त्याचीही पोच ठेवू.

रस्त्याबद्दल थोडं. अशोक स्तंभ ते रविवार कारंजा टाळाच, सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात कुठला रस्ता कधी वळवतील सांगता येत नाही, आदल्या दिवशी स्वतः फिरून या. दोन-दोनच्या रांगा, वीस-पंचवीस गाड्यांचे गट, प्रत्येक गटात अंतर. सिव्हिल हॉस्पिटलपाशी हॉर्न नाही, घोषणा नाही. सायलेन्सर काढून आलेल्याला मैदानावरूनच परत पाठवा, कितीही जुना मित्र असला तरी. 2018 च्या मार्चमध्ये आपल्याच सीबीएसवरून निघालेले शेतकरी मुंबईत पोचले, तेव्हा दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर म्हणून रात्रीतूनच चालत आझाद मैदानाला गेले. पायाला फोड आलेली माणसं होती ती. मुंबईने त्यांना रस्त्यात पाणी आणि चपला दिल्या. आपण तर गाडीवर बसून जाणार. जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांना सांगा, हळू चालीत क्लच धरून बसू नका, इंजिन तापलं की बाजूला घ्या. सोबत एक मेकॅनिक आणि दोन जादा स्पार्क प्लग असू द्या.

अर्जाचा मसुदा मला आज रात्री पाठवा, मी वाचून देतो. उद्या अकराला खिडकी उघडते, कुणी सोबत हवं असेल तर मी अर्धी रजा टाकतो आणि पॅड घेऊन येतो. आवक क्रमांक मिळाला की इथे टाका. तो दिसला की आमच्या ग्रुपच्या तीस गाड्या रविवारी तुमच्या मागे असतील, सिडकोतला तो पोरगाही येतो म्हणालाय.