ओळीवरची वेळ खरी कशी मिळेल?

प्रश्न : घरचं इंटरनेट रात्री तुटतं. लिनक्सवर पिंग (समोरून उत्तर येतंय का हे पुन्हा पुन्हा तपासणारी आज्ञा) रात्रभर चालवून ग्रेपने (हव्या त्या ओळी गाळून घेणारी आज्ञा) ‘नो आन्सर येट’, म्हणजे ‘अजून उत्तर नाही’, एवढ्याच ओळी निवडतो आणि पुढे टीएसने (ओळीआधी वेळ लावणारी आज्ञा) वेळ छापतो. पण पंचवीस-तीस ओळींवर एकच वेळ येते! – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची मांडणी चुकलीय, टीएसची चूक नाही. टीएस ओळ आपल्या हातात पडते ती वेळ छापतो. ती जन्मली कधी, हे त्याला कळत नाही. ग्रेपचं आउटपुट पडद्याऐवजी पाइपात, म्हणजे थेट पुढच्या आज्ञेकडे, गेलं की तो ओळी साठवतो आणि साधारण ४०९६ बाइट भरले की, किंवा त्याआधीच पिंग थांबला तर तेव्हा, एकदम सोडतो. तुमच्या सगळ्या ओळी एकदम आल्या त्या अशा.

म्हणून टीएस पिंगला लागूनच जोडा, ग्रेप त्याच्यानंतर. पिंग प्रत्येक ओळ लगेच सोडतो, त्यामुळे शिक्का खरा बसतो. ग्रेपला ‘लाइन-बफर्ड’ पर्याय द्या, म्हणजे तो ओळी न साठवता एकेक सोडेल आणि त्या तत्काळ दिसतीलही. मी स्वतः एका तापमापकाच्या दोन रात्रींच्या नोंदी याच चुकीने गमावल्या, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

आणखी एक. टीएस मुळात महिना, तारीख, वेळ देतो, वर्ष नाही. तक्रारीसोबत नोंद जोडणार असाल तर फॉरमॅटमध्ये टक्का-एफ (वर्षासह तारीख) आणि टक्का-टी (वेळ) लिहा, अक्षरं कॅपिटल. दोन तुटींमधलं अंतर हवं असेल तर ग्रेपनंतर छोट्या आय-पर्यायासह दुसरा टीएस लावा. तिथे मात्र लाइन-बफर्ड विसरू नका.